निजामसाहेब आणि मी

घरमालक या प्राण्याबद्दल आजवर कोणी बरा शब्द लिहिलेला नाही. शेतकऱ्यावर कविता झाल्या, सैनिकावर पोवाडे झाले, कारकुनावर कथा झाल्या. ज्यांच्याकडे पाहून कोणालाही काही सुचू नये अशा मुख्याध्यापकांवरसुद्धा निरोपसमारंभात लोक पंधरा-पंधरा मिनिटं बोलतात. घरमालकाच्या वाट्याला मात्र सिनेमातलं एकच काम येतं. पहिल्या तारखेला दार वाजवायचं आणि नायकाच्या शिव्या खायच्या. १९८८ सालच्या ‘अशी ही बनवाबनवी’त तर खोली मिळावी म्हणून दोन चांगले तरणेताठे पुरुष साड्या नेसून लीलाबाई काळभोरांकडे राहायला जातात, आणि सारा महाराष्ट्र अजून त्या दोघांच्या बाजूने आहे. फसवलं कोणाला? घरमालकिणीला. पण तिच्यासाठी हळहळलेला एकही माणूस मला अजून भेटलेला नाही.

मी हळहळतो. कारण मी घरमालक आहे.

‘घरमालक’ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे झोपाळा, पानाचा डबा आणि बोटात अंगठ्या असं काही आलं असेल, तर ते कृपा करून पुसून टाका. बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजा तालुक्यात, दुसरबीडला रस्त्याच्या कडेला एका ओळीत चार खोल्या, वर टिन, पुढे हातभर ओटा, मागे सामाईक मोरी, एवढीच माझी इस्टेट. आमच्याकडे तिला इस्टेट म्हणतही नाहीत. ‘किरायाच्या खोल्या’ म्हणतात. पुण्याकडे भाडं असतं, आमच्याकडे किराया असतो. तिकडे राहणारा तो भाडेकरू, म्हणजे एखाद्या वासरासारखा वाटतो. आमच्याकडे तो किरायादार. जमीनदार, जहागीरदार, किरायादार! शब्दाचा शेवट नीट ऐका, म्हणजे दोघांत मोठा कोण ते तुमच्या लक्षात येईल. भाषेनं दार त्याला दिलं आहे आणि दाराची दुरुस्ती मला.

आता तुम्ही म्हणाल, चार खोल्यांचा मालक आणि त्यानं इतिहास सांगायचा? पण हा धंदा इतिहासाइतकाच जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात घरभाड्याचे नियम आहेत. ‘निघ’ म्हटल्यावरही जो भाडेकरू निघत नाही त्याला बारा पण दंड. आणि भाडं देणाऱ्या भाडेकरूला जो मालक बाहेर काढतो त्यालाही बारा पण दंड. भाडेकरूनं शिवीगाळ, चोरी, दांडगाई, परस्त्रीची भानगड किंवा खोटा कब्जा असलं काही केलं असेल तर गोष्ट वेगळी. शिवाय तो आपण होऊन मध्येच निघाला तर वर्षाचं उरलेलं भाडं त्यानं द्यायचं. दोघांना दंड सारखाच, हे मला फार आवडलं. कौटिल्याच्या स्वतःच्या दोन-तीन खोल्या पाटलीपुत्राला भाड्यानं दिलेल्या असाव्यात असा माझा संशय आहे. त्याशिवाय ‘खोटा कब्जा’ हे शब्द सुचत नाहीत.

रोमचा मोठा वक्ता सिसेरो हाही आमच्यातलाच. इसवी सनापूर्वी ४४ साली त्यानं अ‍ॅटिकस नावाच्या मित्राला पत्रातून कळवलं, की माझी दोन दुकानं पडली, उरलेल्यांना तडे गेले आहेत, आणि भाडेकरूच नव्हे तर उंदीरसुद्धा बिऱ्हाड हलवून गेले. हे पत्र एप्रिलातलं. आदल्याच महिन्यात सीझरचा खून झालेला. सारं रोम हादरलेलं असताना हा गृहस्थ उंदरांची हजेरी घेतो, म्हणून एखादा इतिहासकार नाक मुरडेल. घरमालक मुरडणार नाही. राज्यं काय, पडतात आणि पुन्हा उभी राहतात. भिंतीला तडा गेला की गवंडी शोधावा लागतो.

लहान घरमालकाचं वर्ष गुढीपाडव्याला सुरू होत नाही, मृगाला सुरू होतं. त्याआधी टिनावर चढून कुठला खिळा उचकला, कुठला वायसर वाळून फुटला ते पाहायचं. दिवाळीला चुना. उन्हाळ्यात पाण्याची टाकी. जूनमध्ये बदल्या. दरम्यान मोरी तुंबण्याला मात्र कोणताही ऋतू नाही, ती आपल्या मर्जीनं तुंबते. वर्षाचा किराया एका पारड्यात आणि टिन, चुना, मोरी, वायरिंग दुसऱ्या पारड्यात टाकलं, तर काटा मध्ये उभा राहून माझ्याकडे केविलवाणं बघतो.

माझ्या खोल्यांत शाळेचे गुरुजी राहून गेले, दवाखान्याचे कंपाउंडर राहून गेले, ग्रामसेवक राहून गेले. गुरुजींनी भिंतीवर दुधाचा हिशेब खडूनं मांडला होता. वरून चुन्याचे दोन हात दिले तरी तो अजून दिसतो, आणि बेरीज बरोबर आहे. एका कंडक्टरसाहेबांनी किराया दिला तेव्हा माझ्याकडचे आठ रुपये जास्त निघत होते. त्यांनी ते माझ्याच पावतीच्या पाठीमागे लिहून दिले आणि म्हणाले, “उतरताना घ्या.” पुढे त्यांची बदली झाली. ते उतरले, आठ रुपये अजून गाडीतच आहेत. असो. आमच्या बाजूला लोणारला हजारो वर्षांपूर्वी एक उल्का डिपॉझिट न देता, करारनामा न करता येऊन बसली आणि जवळजवळ दोन किलोमीटर रुंदीचा खड्डा करून ठेवला. त्या मानानं माझे सगळे किरायादार सोन्यासारखे.

गावात सहकारी साखर कारखाना चालू होता तेव्हा खोल्यांना दिवस चांगले होते. हंगामात माणसं खोली विचारत यायची. पुढे कारखाना बंद पडला आणि खोल्यांचे बोळके वाजू लागले. आज चारपैकी दोन खोल्यांना कुलूप आहे. राहती खोली दहा वर्षांत जेवढी झिजत नाही तेवढी रिकामी खोली दोन वर्षांत ढासळते, हे मी शपथेवर सांगतो. आत चूल पेटत नाही, केरसुणी फिरत नाही, कोणी दार लावत-उघडत नाही. वाळवीला हे बरोबर कळतं. खोली भिंतींवर उभी असते असं इंजिनियर म्हणतात. ती माणसांच्या वावरावर उभी असते.

किरायादार आणि घर यांचं नातं कसं वाढतं याचा माझा एक सिद्धांत आहे. त्याला मी खिळ्याचा सिद्धांत म्हणतो. माणूस राहायला आला की पहिल्या दिवशी एक खिळा ठोकतो, सदरा अडकवायला. महिन्यानं फळी ठोकतो, देवाला. वर्षानं मागच्या बाजूला एक टिन बाहेर काढतो, सरपण भिजू नये म्हणून. पाच वर्षांनी त्या टिनाखाली न्हाणी झालेली असते. दहाव्या वर्षी तुम्ही नुसतं “खोली लागत होती” म्हणा, तो शांतपणे विचारतो, “मग एवढा खर्च केला त्याचं काय?” यात लबाडी नसते. ज्यानं खिळा ठोकला त्याला भिंत आपली वाटतेच.

हा सिद्धांत मला माझ्या चार खोल्यांनी शिकवला. पण त्याचा सगळ्यात मोठा पुरावा सापडला तो वऱ्हाडच्या इतिहासात. कारण आपलं दुसरबीड, आपला जिल्हा, आपलं सगळं वऱ्हाड पंचेचाळीस वर्षं किरायानं दिलेलं होतं. हे मी अलंकार म्हणून सांगत नाही. रीतसर कागद झालेला होता, किरायाचा आकडा ठरलेला होता, घरमालक हैदराबादचा निजाम होता आणि किरायादार इंग्रज.

आधी निजाम इथला मालक कसा झाला ते सांगतो, कारण ते खरेदीखत आमच्याच तालुक्यात लिहिलं गेलं. निजाम-उल-मुल्क हा मूळचा दिल्लीच्या बादशहाचा अंमलदार, म्हणजे मालक परगावी राहतो म्हणून ठेवलेला राखणदार. दिल्लीला तो डोईजड वाटू लागला तेव्हा मुबारिझखान उभा राहिला. दोघांची गाठ ऑक्टोबर १७२४ मध्ये साखरखेर्ड्याला पडली. मुबारिझखान मारला गेला, आणि राखणदार दख्खनचा मालक झाला. दिल्लीला सलाम जात राहिले, पण किल्ली याच्याकडे. जिंकल्याच्या आनंदात त्यानं साखरखेर्ड्याचं नाव बदलून फत्तेखेर्डा ठेवलं. लोकांनी ते ऐकून घेतलं आणि साखरखेर्डाच म्हणत राहिले. गाव गोड नाव सोडत नाही.

पुढे निजामाच्या घराण्याला इंग्रजांच्या फौजेची सवय लागली. हैदराबाद कंटिंजंट नावाची ही फौज, अधिकारी इंग्रज, पगार निजामाच्या तिजोरीतून. म्हणजे शेजाऱ्यानं आपल्या दारात गुरखा उभा करायचा आणि त्याचा महिना आपण द्यायचा. महिना थकत गेला. थकता थकता कर्ज एवढं झालं की मे १८५३ मध्ये नासिर-उद-दौला या निजामाला तह करावा लागला आणि वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. मालकी निजामाची, वहिवाट इंग्रजांची. वसुलातून फौजेचा आणि कारभाराचा खर्च भागवून उरलेली रक्कम निजामाला द्यायची, हिशेबही दाखवायचा. पुढे १८६० मध्ये दुसरा तह झाला आणि निजामानं हिशेब मागण्याचा हक्क सोडून दिला! शिल्लक उरली तर देऊ, पण वही मागू नका. माझे कंडक्टरसाहेब निदान पावतीच्या पाठीमागे तरी लिहून देत.

ताबा मिळाल्यावर किरायादारानं काय करावं? खिळे ठोकावे. इंग्रजांनी तेच केलं, फक्त त्यांचे खिळे रुळांचे होते. आगगाडी मलकापूर, शेगाव, अकोला करत वऱ्हाडातून गेली, आणि १८७० साली जलंबपासून खामगावच्या कापूस बाजारापर्यंत खास फाटा काढून खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो उद्घाटनाला आले. सदरा अडकवायला नव्हे. खामगावचा कापूस मँचेस्टरला अडकवायला. रूळ पडले, कचेऱ्या झाल्या, जमिनीची मोजणी झाली. आणि हैदराबादचे दिवाण सालारजंग वऱ्हाड परत मागू लागले तेव्हा त्यांना जे ऐकावं लागलं त्याचा मथितार्थ मला पाठ आहे. एवढा खर्च केला त्याचं काय? सालारजंगांनी पैसे भरून घर सोडवण्याची तयारी दाखवली. १८७६ साली ते लंडनलाही जाऊन आले. पाहुणचार उत्तम झाला, वऱ्हाड मिळालं नाही. किरायादार चहा चांगला करतो तेव्हा घरमालकानं ओळखावं, की विषय बदलणार आहे.

मग आले लॉर्ड कर्झन. १९०२ साली त्यांनी हैदराबादला जाऊन निजाम मीर महबूब अली खान यांची गाठ घेतली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात करार झाला. वऱ्हाड इंग्रज सरकारला कायमच्या पट्ट्यानं. किराया सालीना पंचवीस लाख रुपये. घरमालक मंडळींनो, हा करार डोळे उघडे ठेवून वाचा. मुदत कायमची. आकडा कायमचा. वाढीचं कलम नाही, खोली सोडण्याचं कलम नाही. जगात भावनियंत्रणाचे कायदे यायच्या आधीच व्हाइसरॉयनं ते आमच्या वऱ्हाडात आणलं, तेही किरायादाराच्या बाजूनं बसून. दुसऱ्याच वर्षी त्यानं घराची मधली भिंत पाडली आणि वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताला जोडून टाकला.

पुढचे निजाम मीर उस्मान अली खान. यांची गणना जगातल्या सगळ्यात श्रीमंत माणसांत होई. १९३७ साली अमेरिकेच्या टाइम साप्ताहिकानं त्यांचं चित्र मुखपृष्ठावर छापलं. असा हा घरमालक १९२३ मध्ये किरायादाराला लांबलचक पत्र लिहितो, की माझं घर मला परत द्या, कागद तपासा, बरोबरीनं बसून बोलू. उत्तर मार्च १९२६ मध्ये लॉर्ड रीडिंग यांनी दिलं. हिंदुस्थानात ब्रिटिश सत्ता सर्वश्रेष्ठ आहे, आणि कोणत्याही संस्थानिकाला तिच्याशी बरोबरीच्या नात्यानं वाटाघाट करण्याचा हक्क नाही, असा त्याचा आशय. म्हणजे किरायादारानं मालकाला सांगितलं, “घर तुमचं असेल, पण ओट्यावर बसायचं तर आम्हाला विचारून.” १९३६ साली समजूत काढली ती अशी : निजामांनी ‘हैदराबाद आणि वऱ्हाडचे निजाम’ म्हणवून घ्यावं, युवराजांनी ‘प्रिन्स ऑफ बेरार’ व्हावं, वऱ्हाडात इंग्रजी निशाणाशेजारी त्यांचंही निशाण लागावं. दारावर मालकाच्या नावाची पाटी लागली. आत राहणारा तोच.

तो राहणारा १९४७ मध्ये निघून गेला, पण घर मालकाकडे काही आलं नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली आणि मालकाचंच राज्य हिंदुस्थानात आलं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली तेव्हा निजामाच्या राज्यातला मराठवाडा आणि त्यानं किरायानं दिलेलं वऱ्हाड, दोन्ही एकाच दिवशी मुंबई राज्यात येऊन पडले. घरमालकाची खोली आणि किरायादाराची खोली एकाच नव्या वाड्यात, सामाईक ओट्यावर! १ मे १९६० ला त्या वाड्याचं नाव महाराष्ट्र झालं.

नकाशावरची हद्द पुसली, पण गंमत अशी, की घरभाड्यात ती पुढे चव्वेचाळीस वर्षं टिकली. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, ग्लासगोच्या बायकांनी भाडेवाढीविरुद्ध संप केला आणि विलायतेत भाडं गोठवणारा कायदा आला. १९१८ मध्ये तो वारा मुंबईला लागला. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रत्येक प्रांतानं आपापला कायदा केला. मुंबईचा १९४७ चा. मध्य प्रांत-वऱ्हाडचा १९४६ चा, आणि त्याखालचा १९४९ चा हुकूम. त्यात रेंट कंट्रोलरच्या परवानगीशिवाय घर सोडण्याची साधी नोटीससुद्धा मालकाला देता येत नसे. हैदराबादचा १९५४ चा. तिन्ही कायदे आपापल्या जुन्या मुलखात चालू राहिले. म्हणजे मलकापूरच्या भाडेकरूला वऱ्हाडचा कायदा आणि जालन्याच्या भाडेकरूला हैदराबादचा. निजाम गेला, कर्झन गेला, पण दोघांची भांडणाची वाटणी कोर्टात तशीच. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० ला लागू झाला तेव्हा कुठे ती वाटणी मिटली.

या कायद्यांना मी शिव्या घालीन असं तुम्हाला वाटत असेल. तसं नाही. युद्धात, महागाईत, फाळणीत उघड्यावर आलेल्या माणसाच्या डोक्यावर छप्पर राहिलं ते या कायद्यांमुळे. पण मुंबईत भाडं १९४० च्या आकड्यावर गोठलं आणि सिमेंट काही गोठलं नाही. दुरुस्ती परवडेना म्हणून मालकानं अंग काढलं. भाडेकरू म्हणे, घर मालकाचं, मी का करू? इमारती दोघांच्या मध्ये कोसळू लागल्या. शेवटी १९६९ मध्ये सरकारला दुरुस्ती मंडळाचा कायदा करून उपकर घ्यावा लागला. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सांगितलं, की असं गोठवलेलं भाडं काळाच्या ओघात अन्यायाचं झालं आहे. न्यायालयानं ते मोठ्या भाषेत सांगितलं. कोणताही लहान घरमालक तेच टिनावर उभा राहून सांगेल. किराया म्हणजे कमाई नव्हे हो, किराया म्हणजे पुढच्या पावसाळ्याची वर्गणी.

आता माझ्या तिसऱ्या खोलीबद्दल. तिथं टेलर राहतात. पुढे मशीन, मागे बिऱ्हाड. कारखान्याच्या दिवसांत आले, कारखाना बंद पडला तरी राहिले. तयार कपड्यांनी त्यांचा धंदा खाल्ला. आता शाळेचे गणवेश, पिशव्या आणि पँटीची लांबी कमी करणं यांवर चालतं. किराया मात्र पाच तारखेच्या आत. तो हातात देताना ते नोटा इस्त्री केल्यासारख्या सरळ करून देतात.

एका मे महिन्यात आम्ही घरचे सगळे लग्नाला मेहकरला गेलो होतो. रात्री वादळ आलं. टेलरच्या खोलीवरची दोन टिनं आणि शेजारच्या कुलूपबंद खोलीवरचं एक टिन उडून रस्त्यापलीकडे पडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी परत येऊन पाहतो तो तिन्ही टिनं जागेवर. टेलरनं भल्या पहाटे ती शोधून आणली, शिडी मागून आणली, पोराला खाली उभं केलं आणि वर चढून ठोकली. स्वतःच्या खोलीवरची ठोकलीच, पण माझ्या रिकाम्या खोलीवरचंही ठोकलं. मी पैसे विचारले.

“राहू द्या भाऊ,” ते म्हणाले. “खिळे जुनेच होते.”

“अहो, पण ती शेजारची खोली तुमची नव्हे.”

“घर तं सगळंच तुमचं हाय, भाऊ. पण पाऊस काही मालक पाहून गळत नाही.”

१९९९ च्या कायद्यात याची तरतूद आहे. मालकानं दुरुस्ती केली नाही तर भाडेकरूनं लेखी नोटीस द्यावी, पंधरा दिवस वाट पाहावी, मग स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून कापून घ्यावा. मात्र एका वर्षात भाड्याच्या चौथ्या हिश्शाहून जास्त नाही. आमच्या टेलरनं नोटीस दिली नाही, पंधरा तासही थांबले नाहीत, आणि पुढच्या पाच तारखेला पूर्ण किराया सरळ करून हातात ठेवला. असल्या माणसाचं काय करावं याचं कलम कोणत्याच कायद्यात नाही. कौटिल्यसुद्धा इथं गप्प आहे.

आमचे चिरंजीव मात्र गप्प नाहीत. ते पुण्याला असतात आणि तिथं स्वतः किरायादार आहेत, अकरा-अकरा महिन्यांच्या कागदावर. त्यांचा घरमालक दर अकराव्या महिन्याला आकडा वाढवतो. त्याला ते फोनवर राक्षस म्हणतात. त्याच फोनवर पुढच्या वाक्यात मला म्हणतात, “बाबा, समृद्धी महामार्ग झाला. नागपूर-शिर्डी २०२२ ला सुरू झाला, आता २०२५ पासून गाडी पार मुंबईकडे जाते. आपल्या भागाला भाव येणार. टेलरकाकांना सांगा, चारी खोल्या पाडून गाळे काढू.”

“आणि टेलरकाका कुठे जातील?”

“देऊ ना त्यांना काहीतरी.”

हे ‘काहीतरी’ मला वऱ्हाडच्या इतिहासात भेटलेलं आहे. १९३६ साली निजामांना जे दिलं ते ‘काहीतरी’च होतं.

चिरंजीवांचा हिशेब चुकीचा नाही. दोन खोल्या रिकाम्या, वाळवीनं चौकट धरलेली, त्याचं वय उमेदीचं, माझं शिडीला घाबरण्याचं. उद्या ही जागा त्याचीच आहे. पण मी त्याला सांगितलं ते एवढंच, की बाबा रे, कागदावर मालक कोण हा प्रश्न सोपा असतो. निजामाचा कागद पक्का होता. किरायाही ठरलेला होता. फक्त एवढ्या वर्षांत खामगावला रूळ कोणी टाकले आणि टिन उडालं तेव्हा शिडी कोणी लावली, हे लोकांच्या डोळ्यांपुढे होतं. इंग्रजानं ते कापसासाठी केलं आणि घर दाबून बसला. आमच्या टेलरनं ते कशासाठीच केलं नाही आणि खोली मागतही नाही. जो मागत नाही त्याचा हक्क बुडवायला फार सोपा असतो, म्हणून तो आपणच लिहून ठेवावा लागतो.

तेव्हा आमचं ठरलं ते असं. पहिल्या दोन रिकाम्या खोल्या चिरंजीवांच्या. त्यांनी गाळे काढावेत, शटर लावावं, महामार्गाची वाट पाहावी. टेलरची खोली राहील, आणि गाळ्यांचं काम होईल तेव्हा त्यांच्या छपराचंही होईल. तसा कागद करून मी चिरंजीवांची सही घेतली आहे. टेलरना सांगितलं तर त्यांनी मशीन थांबवून विचारलं, “मग किराया किती वाढवता?” मी म्हटलं, कायद्यात वर्षाला चार टक्के आहे. त्यांनी हिशेब केला, गणवेशाच्या खडूनं, लाकडी फळीवर. म्हणाले, “चार नका करू. पाच करा. सुट्ट्या पैशाची कटकट राहत नाही.”

नवी टिनं मी जालन्याहून आणली आहेत. यंदा मृगाच्या आधी चढवायची. शिडी टेलर धरणार आहेत, वर मी चढणार आहे. निदान दोन पायऱ्या तरी. पंचवीस लाखांच्या मालकाला जे जमलं नाही ते चार खोल्यांच्या मालकाला जमतं का, ते पहिल्या पावसात कळेल.